किहीमच्या आकाशातून धावपट्टीकडे

किहीमला सहल गेली की मुले आधी पाण्यात शिरतात, मग वाळूचे किल्ले करतात आणि सूर्य टेकायला आला की दमून सुरूच्या झाडांखाली येऊन बसतात. गेल्या हिवाळ्यात नववीच्या एका तुकडीबरोबर मी असाच बसलो होतो. समुद्रावर धुरकट पडदा चढत होता आणि डोक्यावरून एकामागून एक विमाने दिवे लुकलुकवत उत्तरेकडे चालली होती. एका मुलाने विचारले, "सर, वरून सगळं असंच धूसर दिसत असेल ना? मग ह्यांना मुंबई सापडते कशी? एस.टी.च्या ड्रायव्हरला निदान रस्ता तरी दिसतो."

"उपग्रहावरून," मी सांगून मोकळा झालो.

"पण एवढ्या लांबून उपग्रहाला विमान दिसतं का?" दुसरीने विचारले आणि माझ्या लक्षात आले की मी उत्तर दिलेलेच नाही. उपग्रह वरून विमानाकडे पाहतो आणि 'जरा डावीकडे घे' असे सांगतो, अशी समजूत मुलांचीच काय, आपल्यापैकीही अनेकांची असते. प्रत्यक्षात त्या उपग्रहांना विमान आहे की नाही याचा पत्ताही नसतो. मग मार्गदर्शन होते ते कसे? त्या संध्याकाळी वाळूत काठीने जे काही काढले आणि नंतर वर्गात जे पुरे केले, ते इथे मांडतो.

प्रथम जागा पाहू. नकाशात किहीम आणि मुंबईचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. अक्षांशातला फरक सुमारे ०.३६ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले तर अंतर झाले ४० किलोमीटर. विमान धावपट्टीकडे उतरते ते साधारण ३ अंशांच्या उतारावरून. हा उतार किती सौम्य आहे ते कंपासपेटीतल्या कोनमापकावर पाहा. ३ अंशांचे टॅन ०.०५२४. म्हणजे ४० किलोमीटर अलीकडे असलेले विमान २.१ किलोमीटर, सुमारे ६९०० फूट उंचीवर हवे. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

पण किहीमवरून जाणारे विमान सरळ उत्तरेला जाऊन उतरू शकत नाही, कारण तशी धावपट्टीच नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे नाव ०९-२७. होकायंत्राच्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन जवळच्या दहा अंशांपर्यंत घ्यायचा आणि शेवटचे शून्य काढून टाकायचे, की धावपट्टीचा आकडा मिळतो. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. दुसरी धावपट्टी १४-३२. ती वायव्येकडून आग्नेयेकडे जाते आणि पहिलीला मध्येच छेदते. त्यामुळे दोन धावपट्ट्या असूनही एका वेळी एकच वापरावी लागते. वारा समुद्रावरून येत असला की विमान पूर्वेला वळसा घालून, घाटकोपरच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड करून उतरते. २०१८ साली इथे एका दिवसात हजारावर विमाने चढली-उतरली. दिवसाची १४४० मिनिटे हजारांनी भागा, म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक विमान त्या पट्टीवर होते हे कळेल. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून या आकाशाला आणखी एक दार झाले आहे. अशा गर्दीत प्रत्येक विमानाने आखलेल्या वाटेवरून आणि ठरलेल्या उंचीवरूनच यायला हवे.

आपण नेमके कोठे आहोत हे वैमानिकाला कळले नाही तर काय होते, याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. १२ जुलै १९४९ रोजी, भर पावसाळ्यात, सांताक्रूझला उतरू पाहणारे एक डच कॉन्स्टलेशन विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. आतले सर्व ४५ जण गेले. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे इटलीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरात कोसळले. ९४ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे: विमानात बिघाड नव्हता, आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून बरेच जवळ आहोत असे वैमानिकांना वाटले आणि त्यांनी लवकर उतरायला सुरुवात केली. आपला ३ अंशांचा त्रिकोण पुन्हा काढा. हजार मीटर उंचीवर यायचे तर विमानतळ १९ किलोमीटरवर हवा. जुन्नर त्याच्या कितीतरी पलीकडे आहे आणि सह्याद्रीचे माथे तिथे हजार मीटरच्या वर जातात.

तिसरे उदाहरण सुदैवाने इतके करुण नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचे एक डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरले. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, आणि वैमानिक नजरेच्या भरवशावर येत होते. जुहूची पट्टी तोकडी. विमान पुढे निघून गेले आणि मोडले, माणसे वाचली. १९५३ मध्ये एका ब्रिटिश कॉमेट विमानाकडूनही हीच चूक झाली होती. डोळ्यांना जे दिसते ते खरे असतेच असे नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

यावरचा जुना आणि आजही भरवशाचा उपाय म्हणजे आय.एल.एस., इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम. धावपट्टीच्या टोकापलीकडे आणि बाजूला उभे केलेले अँटेना रेडिओ तरंगांच्या दोन 'भिंती' तयार करतात, एक उभी आणि एक तिरपी. जिथे त्या एकमेकींना छेदतात तीच उतरायची रेषा. पण ही यंत्रणा धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळी बसवावी लागते, तिची सतत पारख करावी लागते, आणि तिची रेषा सरळच असते. डोंगराला वळसा घालून आणणे तिला जमत नाही. उपग्रहाची वाट मात्र हवी तशी आखता येते, कारण ती जमिनीवर नसून आकड्यांत असते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. जी.पी.एस.चे तीसेक उपग्रह पृथ्वीपासून २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. प्रत्येकजण एकच गोष्ट अखंड सांगत असतो: मी अमुक क्रमांकाचा उपग्रह, या क्षणी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. आकाशवाणी वेळ सांगताना जसा 'टूं' आवाज देते, तसेच समजा. कोण ऐकतो याची आकाशवाणीला पर्वा नसते. ऐकणारा आपल्या घड्याळात पाहतो आणि संदेश किती उशिरा पोचला ते मोजतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश ०.०६७ सेकंदात पोचतो. या वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून उपग्रहावर अणुघड्याळे असतात. त्या घड्याळांना आइन्स्टाइनचा हिशेबही लागतो. तिथे गुरुत्व कमी आणि वेग जास्त, यांचा एकत्र परिणाम होऊन ती जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केले नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरचा घोळ होईल.

पण विमानात अणुघड्याळ कुठे असते? तिथे साधे क्वार्ट्झचेच घड्याळ. मग जमते कसे? हा भाग पुस्तकांत एका वाक्यात उरकलेला असतो. वाळूवर तो छान समजतो आणि मैदानावरही करता येतो.

दोन बांबू रोवा. एका मुलाला कुठेतरी उभे करा आणि दोन्ही बांबूंपासून त्याचे अंतर मोजपट्टीने मोजा. आता मुलाला बाजूला काढून, ती अंतरे त्रिज्या धरून वाळूत दोन वर्तुळे काढा. ती दोन ठिकाणी छेदतात. किहीमला आमचा एक छेदबिंदू समुद्रात पडला होता, तो सोडून दिला. म्हणजे सपाटीवर दोन अंतरे पुरली. आता सुरुवातीचा तुकडा फाटून गेलेली मोजपट्टी घ्या, आणि किती फाटली आहे ते मुलांना सांगू नका. प्रत्येक मोजमाप सारखेच जास्त येईल. दोन वर्तुळे आताही छेदतील, पण चुकीच्या जागी, आणि चूक झाली हे कळणारही नाही. तिसरा बांबू रोवा. तिसरे वर्तुळ त्या बिंदूतून जात नाही. तिघांच्या मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो. आता तिन्ही त्रिज्या सारख्याच प्रमाणात, बोट-बोट कमी करत चला. एका क्षणी त्रिकोण मिटून बिंदू होतो. मुलाची जागाही सापडली आणि पट्टी किती फाटली तेही कळले!

विमानातले चुकणारे घड्याळ म्हणजे ही फाटकी मोजपट्टी. अवकाशातल्या जागेचे तीन अज्ञात आणि घड्याळाच्या चुकीचा एक, असे चार अज्ञात. म्हणून चार समीकरणे आणि चार उपग्रह. पाचवा मिळाला तर कोणी खोटे तर बोलत नाही ना, याचा पडताळाही घेता येतो. एकसामयिक समीकरणे शिकवताना 'याचा उपयोग काय' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे.

आता चूक उरली ती वाटेतली. आपण प्रकाशाचा वेग स्थिर धरला, पण संदेश पोकळीतून निघून आयनांबरातून खाली येतो. जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरच्या वर, सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी हवेच्या अणु-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांच्यातून जाताना रेडिओ संदेश रेंगाळतो. किती? ते वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले यावर ठरते. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षी, भर दुपारी, आपल्या अक्षांशांवर ही चूक सरळ डोक्यावरच्या उपग्रहासाठीही पंधरा-सोळा मीटर भरू शकते. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संदेश तिरपा येतो, त्याची चूक दुप्पट-तिप्पट होते. मोटारीला याने फारसा फरक पडत नाही. उंची मोजत खाली येणाऱ्या विमानाला पडतो.

आणि इथे किहीमच्या शेजारी असलेले अलिबाग या गोष्टीत येते. सालिम अली १९३० च्या सुमारास किहीमला राहून सुगरणीची घरटी पाहत होते, हे पक्षिप्रेमींना ठाऊक असते. तिथून दहा-बारा किलोमीटरवर अलिबागला १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा चालू आहे, हे मात्र रायगड जिल्ह्यातल्या शिक्षकांनाही अनेकदा माहीत नसते. ती मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या वीजप्रवाहांनी वेध बिघडतील हे ओळखून, वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवले. दोन्ही जागांची मोजमापे जुळावीत म्हणून दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे वेध घेतले गेले आणि मगच कुलाब्याचे थांबवले. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे मुंबईच्या कुलाब्याहून काम गेले ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात! इमारतीत लोखंड नको म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. याच कुलाब्याच्या वेधांत सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंद आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. आजही त्या वादळावरचे संशोधक ती नोंद उघडून बसतात.

चुंबकसूचीचा आणि विमानाचा संबंध काय? चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्याच्यावर सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा पूर्वेकडे एक जोरदार विद्युत्‌प्रवाह वाहतो. तिरुनेलवेलीच्या वेधशाळेतल्या उपकरणाला तो दुपारी जाणवतो. अलिबाग त्या अरुंद पट्ट्याच्या बाहेर आहे. म्हणून तिरुनेलवेलीच्या मोजमापातून अलिबागचे वजा केले की निव्वळ त्या प्रवाहाचा जोर उरतो. आणि ज्या विद्युत्‌क्षेत्रामुळे हा प्रवाह वाहतो, तेच क्षेत्र विषुववृत्तावरच्या इलेक्ट्रॉनांना वर उचलते. वर गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांवरून घरंगळत दोन्ही बाजूंना खाली येतात, अगदी कारंज्यासारखे. उत्तरेकडची धार पडते ती गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर. जगातली सर्वांत दाट आयनांबरे असतात त्यांपैकी ही एक. मुंबई आणि किहीम या ढिगाऱ्याच्या दक्षिण उतारावर येतात. अलिबागची सूची त्या दिवशी कारंजे किती उंच उडाले ते सांगायला मदत करते. ही वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्थाही आपल्या रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

सूर्य मावळला की दुसरीच कटकट सुरू होते. खालचे आयनांबर विरळ होते, वरचे दाट राहते, आणि जड पाण्याखाली हलके तेल असावे तशी स्थिती होऊन विरळ भागाचे बुडबुडे वर चढतात. त्यांच्या कडांवरून येताना उपग्रहाचा संदेश चांदणीसारखा लुकलुकतो, कधी क्षणभर तुटतोही. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत हे जास्त घडते. युरोप-अमेरिकेसाठी केलेली गणिते आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत, त्याचे मोठे कारण हे.

या चुकांवर आपल्या देशाने काढलेला उपाय म्हणजे 'गगन'. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून ही यंत्रणा उभारली. नाव ऐकून पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून सांगतो: गगन जागा शोधत नाही, जी.पी.एस.ने सांगितलेली जागा सुधारते. स्वतःच जागा सांगणारी भारताची स्वतंत्र यंत्रणा म्हणजे 'नाविक', ती वेगळी. गगनची देशभरात पंधरा संदर्भ-केंद्रे आहेत. नागपूर, गोवा, अहमदाबाद, पोरबंदर ही त्यांतली आपल्या बाजूची. या केंद्रांची जागा काटेकोर मोजून ठेवलेली असते. उपग्रहाचे अंतर किती यायला हवे ते केंद्राला माहीत असते. प्रत्यक्षात आलेल्या अंतराशी त्याचा फरक म्हणजे त्या घडीची चूक. सगळ्या चुका बंगळूरच्या मुख्य केंद्रात जमा होतात. तिथे भारतावर पाच-पाच अंशांची काल्पनिक जाळी टाकून प्रत्येक गाठीवर आयनांबराची दिरंगाई किती ते काढले जाते. आपल्या आयनांबरासाठी इस्रोच्या शास्त्रज्ञांना त्याचे वेगळे प्रतिमान तयार करावे लागले. ही दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांकडे पाठवतात आणि ते ती खाली प्रसारित करतात, तीही जी.पी.एस.च्याच कंप्रतेवर, म्हणजे विमानाला वेगळा अँटेना नको. हे काम करणारे जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ अनुक्रमे २०११, २०१२ आणि २०१५ मध्ये गेले. उतरताना उंचीचे मार्गदर्शन करण्यास गगनला एप्रिल २०१५ मध्ये मान्यता मिळाली. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला एक एटीआर-७२ विमान गगनच्या आधारे उतरवण्यात आले.

माझ्या मते गगनचे खरे काम अचूकता वाढवणे हे नाहीच. 'आता माझ्यावर विसंबू नका' हे वेळेवर सांगणे, हे आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा अवतरणात आडवी चूक ४० मीटर किंवा उभी चूक ५० मीटर ओलांडण्याची शक्यता दिसली, तर दहा सेकंदांच्या आत वैमानिकाला इशारा मिळालाच पाहिजे. ऑक्टोबर २००३ अखेरच्या सौरवादळात अमेरिकेतल्या अशाच यंत्रणेने उंचीचे मार्गदर्शन कित्येक तास बंद ठेवले होते. ती बिघडली असे वर्तमानपत्रांना वाटेल. खरे तर तिने आपले काम चोख केले.

आता वैमानिकाच्या खुर्चीत बसू. विमानाच्या संगणकात त्या विमानतळाची आखलेली वाट आधीच साठवलेली असते: एकेका बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची. प्रत्येक बिंदूला उच्चारता येईल असे पाच अक्षरी नाव. ही माहिती जगभर दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलते. वैमानिकाला त्यातला एकही आकडा हाताने बदलण्याची मुभा नसते. तो नकाशाशी ताडून पाहायचा, बस्स. शेवटच्या टप्प्यात विमानाने वाटेच्या दोन्ही बाजूंना ०.३ सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे मीटरांच्या आत राहायला हवे. गगनसारखी मदत असेल तर वाट पुढेपुढे नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते. वेग साधारण तासाला २६० किलोमीटर, सेकंदाला ७२ मीटर. ३ अंशांच्या उतारावर हे विमान सेकंदाला पावणेचार मीटर खाली येते. अडीचशे फुटांवर, म्हणजे ७६ मीटरवर, निर्णयाची घडी येते. धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचे, नाही तर वर निघून जायचे. तिथून पट्टीचे टोक उरते सोळा-सतरा सेकंदांवर. वर निघून जाणे ही फजिती नव्हे, तो आखलेल्या वाटेचाच भाग आहे. 'विमान उतरता उतरता घाबरून पुन्हा वर गेले' अशी बातमी वाचली की मला त्या वैमानिकाचे कौतुक वाटते.

ज्या विमानांत गगनसारखी सोय नसते ती उपग्रहावरून फक्त डावे-उजवे पाहतात. उंची हवेच्या दाबावरून काढतात. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २८ फूट. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या गजबजलेल्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने एका विमानाला दाबाचा आकडा १००१ ऐवजी १०११ सांगितला. पाऊस होता. उपग्रह चोख, संगणक चोख, आणि विमान मात्र असायला हवे होते त्याहून २८० फूट खाली! वर निघून जाताना त्याची जमिनीपासूनची उंची फक्त सहा फूट उरली होती, आणि तीही धावपट्टीच्या अलीकडेच. एक आकडा तोंडी सांगण्यात चुकला, एवढेच.

शिवाय उपग्रहाचा संदेश फार क्षीण असतो. जवळून कोणी त्याच कंप्रतेवर मोठ्याने 'ओरडले' तर तो बुडतो. त्याहून वाईट म्हणजे कोणी हुबेहूब खोटा संदेश पाठवला तर यंत्र निमूटपणे खोटी जागा दाखवते. फाटक्या पट्टीची चूक सगळीकडे सारखी असते म्हणून पकडता येते. इथे बांबूच कोणीतरी हलवलेले असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीवर उपग्रहाच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांना असे खोटे संदेश मिळाल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. जमिनीवरची जुनी साधने असलेल्या इतर धावपट्ट्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. म्हणूनच उपग्रह आले तरी आय.एल.एस.चे खांब उपटलेले नाहीत.

वर्गात करता येईल असा शेवटचा प्रयोग. मोबाईलवर अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत दाखवणारी सोय असते. अक्षांशातले पाचवे स्थळ म्हणजे १.१ मीटर. आम्ही किहीमला एका काळ्या खडकावर फोन ठेवला आणि तासभर दर पाच मिनिटांनी आकडे उतरवून घेतले. शाळेत आल्यावर ते आलेखकागदावर मांडले. तेरा ठिपके पडले आणि सगळ्यांत लांबच्या दोघांत सात मीटरांचे अंतर भरले. खडक हलला नव्हता. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने त्याच कागदावर त्याच प्रमाणात ४० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायला घेतले. ते कागदात मावेना, म्हणून तिने आणखी तीन कागद चिकटवले. पुढच्या सहलीला मुक्काम अलिबागला करावा, म्हणजे ती वेधशाळा बाहेरून तरी बघता येईल, असे आता वर्गाचे म्हणणे आहे.